कृत्रिम गुडघा किती वर्षे टिकतो?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ आहे. गुडघे झिजल्याने डॉक्टरांनी सांधेबदल सुचवला आहे; पण ‘पंधरा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागते’ असे नातेवाईक सांगतात. थांबावे का?

उत्तर : नातेवाइकांचा आकडा जुना आहे. ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदींवर आधारित, २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात, गुडघ्याचा एकच भाग बदलला असेल, तर हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास येते. वयाचा प्रभाव मात्र मोठा असतो. सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ती पुन्हा करावी लागण्याची आयुष्यभराची शक्यता सुमारे ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत जाते. त्याच वयाच्या स्त्रियांत ती बरीच कमी आढळते.

धातू क्वचितच दगा देतो. झिजते ती मधली पॉलिथिलीनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) चकती, आणि तिच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड क्षीण होऊन सांधा सैल पडतो. सुरुवातीच्या काळातल्या अपयशामागे मात्र अनेकदा जंतुसंसर्ग असतो. म्हणून आईंना मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी.

केवळ टिकाऊपणाच्या भीतीने थांबणे मला पटत नाही. व्यायाम, वजन घटवणे आणि औषधे यांनंतरही वेदना झोप मोडत असतील, चालणे खुंटले असेल, तर निर्णय लांबवू नये, कारण ताठरलेल्या गुडघ्याची हालचाल शस्त्रक्रियेनंतरही पुरती परतत नाही. (मांडी घालून बसण्याविषयी शल्यचिकित्सकांना आधीच विचारावे, आपल्याकडे नाराजी बहुधा तिथेच उद्भवते.)