आईवडिलांची संपत्ती पुढे माझ्याकडे येईल. एक स्त्री म्हणून आत्तापासून काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरी चांगली आहे, वडिलांचा फ्लॅट आणि गुंतवणूक पुढेमागे तुम्हा बहीण-भावाकडे येईल, पण विषय काढला की आई म्हणते, "आत्ता कशाला असलं अभद्र?" आमच्याकडेही हेच होतं. मग बाबा गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारशातला माझा वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, मसुदा समोर ठेवला. त्याचा हेतू वाईट नव्हता. आत्यांनी सही केली तशी मीही करेन, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. मी पेनही हातात घेतलं. वहिनी म्हणाली, "ताई, आधी वाचा तरी."

म्हणून सगळ्यात आधी सहीबद्दल सांगते. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव होता हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, पण काय सोडताय ते माहीत असू द्या. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांच्या स्वकमाईचं मात्र वेगळं. ती ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही, भाऊ, आई आणि आजी हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा. आणि सोसायटीत भाऊ नॉमिनी आहे एवढ्यावरून फ्लॅट त्याचा होत नाही. नॉमिनी सहसा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो.

आता आईला न दुखवता माहिती कशी काढायची? वडिलांना म्हणा, "यंदाचं रिटर्न मी भरते." आयकराच्या पोर्टलवर त्यांचं वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उघडलंत की कुठल्या बँकेतून व्याज येतं, कुठले शेअर आहेत, हे बरंचसं दिसतं. अभद्र काही बोलावंच लागत नाही. हे मला बाबा असताना सुचलं नाही. नंतर मी आणि दादाने ट्रंकेतली पासबुकं चाळण्यात कित्येक रविवार घालवले. विसरलेल्या जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, तेही बघा.

फ्लॅटचा मूळ खरेदी करार जपून ठेवा. वारशावर कर नाही, पण पुढे विकाल तेव्हा नफा साधारणपणे वडिलांच्या खरेदी किमतीवरून मोजतात. करार सापडला नाही की सीए डोकं धरतो.

पैसे खात्यात आले की चौथ्या दिवशी बँकेतून कुठलीतरी योजना विकायला गोड आवाजात फोन येईल. मी वर्षभर सगळं साध्या मुदत ठेवीत ठेवलं. व्याज थोडं कमी मिळालं असेल, पण त्या मनःस्थितीत मी कशावरही सही केली असती.

आणखी एक, जे बायका हमखास टाळतात: स्वतःचं मृत्युपत्र. मला मूल नाही. मृत्युपत्र न करता गेले असते तर माझ्या पगारातून जमवलेलं आधी नवऱ्याला, तो नसेल तर त्याच्या वारसांना गेलं असतं. आईचा नंबर त्यानंतर. बाबांकडून आलेलं तेवढं माहेरच्या वारसांकडे परत. हे कळलं त्याच आठवड्यात साध्या कागदावर लिहून काढलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. एक शेजारच्या काकू. दुसरी वहिनी, तिने सही करण्याआधी सगळं वाचलं.