विमानाच्या बिझनेस क्लासने पहिल्यांदाच जाणार आहे. सूट घालू की ट्रॅक पँट चालेल?

तुम्ही लिहिलंय की प्रवास अकरा तासांचा आहे, रात्रीचा आहे, आणि साध्या कपड्यांत गेलो तर कोणी हटकेल का अशी धास्ती वाटते. धास्तीचं आधी सांगतो: कोणी हटकणार नाही. तिकीट तुमच्या नावावर आहे, तेवढं पुरतं. त्या केबिनमध्ये सर्वांत गबाळे कपडे बहुधा त्याच माणसाच्या अंगावर असतात जो महिन्यातून चार वेळा तिथे बसतो. नटूनथटून आलेला नवखा असतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण पहिल्या वेळी तो नवखा मी होतो.

ब्लेझर, कडक कॉलरचा शर्ट, घट्ट जीन्स, जाड बक्कलचा पट्टा आणि नवे कोरे चामडी बूट. वरातीला निघाल्यासारखा गेलो. खुर्ची सपाट करून आडवा झालो तेव्हा पट्ट्याचं बक्कल बेंबीत रुतलं. जीन्सची जाड शिवण कुशीवर वळलं की टोचायची. पहाटे बूट चढवायला गेलो तर पाय आत शिरेनात. टाचा चुरगाळून, बुटांच्या चपला करून उतरलो. इतक्या महागड्या जागेत रात्रभर जागा होतो, तेही निव्वळ कपड्यांपायी.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. या केबिनमध्ये आपण बसायला नाही, झोपायला जातो; कपडेही त्याच बेताने निवडायचे. जुन्या काळी लोक विमानात कोट-टाय घालून बसत, कारण ती खुर्चीच होती, जरा ऐसपैस एवढंच. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली आणि मग एकेक करून बाकीच्यांनाही ती आणावी लागली. खुर्चीचा पलंग झाला, पण आपल्या मनातला सूट काही उतरला नाही.

आता शरीराचं काय होतं ते बघा, म्हणजे कपडे आपोआप ठरतील. विमान उंचावर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका. बोइंग 787 आणि एअरबस ए350 या नव्या विमानांत तो सहा हजारांच्या आसपास ठेवतात, जुन्यांत आठ हजारांपर्यंत जातो. दाब कमी झाला की पोटातला वायू पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. म्हणजे जमिनीवर बरोबर बसणारी पँट वर गेल्यावर तडस लावणार. त्यात तिथे दर थोड्या वेळाने काही ना काही खायला येत असतं. म्हणून कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी हवी, हुक-बटण नको. पट्टा लावूच नका. सुरक्षा तपासणीत तो तसाही काढावा लागतो.

पायांचंही तसंच. बरेच तास न हलता बसलं की पाय सुजतात, त्यामुळे बूट अर्धा नंबर सैल वाटणारे किंवा नाडीचे, सैल करता येणारे हवेत. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पूर्वी असं काही झालं असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे घालायचे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सपाट झोपलो म्हणजे या भानगडीतून सुटलो असं नाही, उठून चालायला हवंच. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: बऱ्याच बिझनेस क्लासच्या रचनेत पाय समोरच्या खुर्चीच्या पाठीतल्या एका अरुंद कोनाड्यात जातात. तिथे बूट घालून झोपता येत नाही, नडगी आपटते. मोज्यांवरच झोपावं लागतं, म्हणून मोजे फाटके नकोत. (माझ्या अंगठ्याने एकदा क्रूला दर्शन दिलेलं आहे.)

पण त्याच मोज्यांवर स्वच्छतागृहात जाऊ नका. तिथली जमीन ओली असते आणि ते नेहमी पाणीच असतं असं नाही. विमानात मिळणाऱ्या सपातांचा तळ कागदासारखा पातळ असतो, ओल लगेच वर येते. बूट चढवायचा कंटाळा असेल तर बॅगेत रबरी तळाची हलकी चप्पल ठेवा.

थंडीबद्दल लोक दोन टोकांचं सांगतात. हवा साधारण 22 ते 24 अंशांवर ठेवलेली असते, पण जागेजागी फरक पडतो. दरवाजाजवळ आणि खिडकीलगत गार लागतं, आणि झोपेत शरीर थंडावतं ते वेगळंच. उलट, या केबिनमधली पांघरुणं इतकी जाड असतात की मध्यरात्री घाम फुटतो. म्हणून एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ टी-शर्ट, त्यावर पुढून उघडणारं काहीतरी, आणि एक शाल असा थर बरा. डोक्यातून काढायचा स्वेटर पट्टा बांधलेल्या अवस्थेत अर्धवट पडून काढून बघा, मग कळेल मी काय म्हणतो ते.

कापड सुती किंवा लोकरीचं. मेरिनो लोकरीचा पातळ टी-शर्ट महाग पडतो, पण दोन दिवस घातला तरी वास मारत नाही. केबिनमधल्या हवेत आर्द्रता बहुधा दहा ते वीस टक्केच असते, त्यामुळे त्वचा कोरडी पडून आधीच खाजते. त्यावर नायलॉन-पॉलिस्टर चिकटलं की चिडचिड होते. दुसरं कारण जरा गंभीर आहे. आगीत कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो, सूत आणि लोकर तसं करत नाहीत. असा प्रसंग फार म्हणजे फारच विरळा. पण विमानाला मान्यता मिळवताना निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात, ते उगाच नाही. म्हणून विमान वर चढेपर्यंत आणि उतरताना पायात बूट असू द्या, तेही बिनटाचेचे. उंच टाचा आणीबाणीत दाराशी उघडणाऱ्या घसरगुंडीच्या कापडात घुसतात, त्या काढायला लावतात आणि मग अनवाणी पळायचं.

खांद्यावरचा पट्टा हाही एक मुद्दा. अनेक बिझनेस क्लासच्या खुर्च्यांत उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मोटारीसारखा तिरपा पट्टा लावावा लागतो. उघड्या गळ्याच्या कपड्यात तो मानेला घासतो. आणि झोपताना कमरेचा पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. खाली दडला तर हादरे सुरू झाले की तो बांधलाय का हे बघायला क्रू तुम्हाला उठवणार.

खिसे चेन असलेलेच घ्या. खुर्ची पुढे-मागे करताना फोन खिशातून निसटून आतल्या यंत्रणेत गेला, तर खुर्ची हलवायची नाही, हातही घालायचा नाही, क्रूला बोलवायचं. फोन चिरडला की बॅटरी पेट घेऊ शकते. ट्रॅक पँटचे उथळ खिसे याच कामी कुचकामी.

आता कुठे खरोखर अडतं ते सांगतो, कारण 'ड्रेस कोड'च्या अफवा तिथूनच येतात. एक, लाउंज, म्हणजे विमानतळावरची खास प्रतीक्षा-खोली. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने 2015 च्या एप्रिलपासून ऑस्ट्रेलियातल्या आपल्या लाउंजमध्ये कपड्यांचा नियम कडकपणे पाळायला सुरुवात केली. रबरी स्लिपर, व्यायामाचे कपडे तिथे चालत नाहीत, आणि झोपायचे कपडेही नाहीत. गंमत अशी की हीच कंपनी लांबच्या प्रवासात कांगारूचं चित्र असलेला पायजमा देते. तो घालून तिच्याच लाउंजमध्ये मात्र जायचं नाही. दोन, विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या पासवर जाणारे लोक. त्यांना कपड्यांचे वेगळे नियम असतात. 2017 साली युनायटेड या अमेरिकी कंपनीने लेगिंग घातलेल्या दोन मुलींना विमानात घेतलं नाही म्हणून जगभर गदारोळ झाला, त्या अशाच पासवर होत्या. पैसे भरून किंवा विमान कंपनीकडे जमवलेले पॉइंट वापरून जाणाऱ्याला ते लागू नाही. आणि 'सूट घातला की फुकट अपग्रेड मिळतं', म्हणजे वरच्या वर्गात बसवतात, हे विसरा. ते तुमचं सदस्यत्व आणि तिकिटाचा प्रकार बघून ठरतं, संगणकाला टाय दिसत नाही.

म्हणजे ट्रॅक पँट चालेल? चालेल, पण मी नेसत्या कपड्यांत झोपत नाही. लाउंजसाठी आणि पलीकडे उतरल्यावर माणसांत दिसायला एक सैल, न चुरगळणारी गडद पँट, साधा शर्ट. झोपायला वेगळा पायजमा. कतार एअरवेजसारख्या काही कंपन्या रात्रीच्या लांब प्रवासात बिझनेस क्लासलाही पायजमा देतात, पण सगळ्या देत नाहीत, आणि देणाऱ्यांकडेही तुमच्या मापाचा उरेलच असं नाही. म्हणून आपला न्यावा. पट्ट्याचा दिवा विझला की लगेच बदला, जेवणानंतर रांग लागते. जेवणाचे डागही मग पायजम्यावर पडतात. उतरताना तासभर आधी उठून पुन्हा बदलून घ्या.

बाहेरचा कोट असेल तर क्रू घेऊन कपाटात लटकवतो. त्याआधी खिसे रिकामे करा. मी पासपोर्ट आतच ठेवला होता आणि उतरण्याआधी भरायचा फॉर्म हातात आल्यावर नंबर आठवत बसलो होतो. अत्तर मारू नका, शेजारी अकरा तास पळून जाऊ शकत नाही. लेन्स वापरत असाल तर चष्मा हाताशी ठेवा, त्या कोरड्या हवेत डोळे चुरचुरतात.

शेवटी तुम्ही न विचारलेलं, पण मनात असेलच असं: मिळालेला पायजमा घरी नेता येतो का? बहुतेक ठिकाणी येतो, तो तुमचाच असतो. काही कंपन्या तो फक्त वापरायला देतात, म्हणून घडी घालून बॅगेत कोंबण्याआधी एकदा क्रूला विचारा. पांघरूण मात्र तिथेच ठेवायचं, कितीही मऊ असलं तरी.