1794 चा, पण राजाचे नाव नसलेला तांब्याचा हाफपेनी नेमका कोणाचा?

आपण लिहिले आहे की तांब्याच्या या चकतीवर 1794 हे साल आणि 'हाफपेनी' (अर्धी पेनी) हा इंग्रजी शब्द वाचता येतो, एका बाजूला जहाज आहे, दुसऱ्या बाजूचे नाव अर्धे झिजले आहे आणि राजाचा चेहरा कोठेच नाही. तेव्हा हे नाणे खोटे आहे का? माझ्या मते ते राजाचे नाणेच नव्हे, ब्रिटनमधील एखाद्या व्यापाऱ्याने काढलेले खासगी टोकन, म्हणजे नाण्याऐवजी चालणारी चकती, असावे.

त्या काळी तेथे सुट्या तांब्याच्या पैशांची तीव्र टंचाई होती. मजुरी चुकवणेही अवघड झाल्यावर वेल्समधील अँगल्सी बेटावरील पॅरिस (Parys) माइन या तांब्याच्या खाणीच्या कंपनीने 1787 मध्ये आपल्याच तांब्याची पेनी टोकने काढली आणि पुढील दहा वर्षांत गावोगावच्या दुकानदारांनी तिचा कित्ता गिरवला. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांच्या टांकसाळीतून 1797 मध्ये एक औंस वजनाची सरकारी पेनी निघू लागल्यावर ही लाट ओसरली.

आता ओळख पटवण्याविषयी. बहुतेक जण दोन्ही बाजूंची छायाचित्रे देतात आणि कड, म्हणजे चकतीच्या जाडीची बाजू, विसरतात. आपणही तेच केले आहे. या टोकनांच्या कडेवर पुष्कळदा ते कोठे वटवून मिळेल हे उठवलेले असते. चकती दोन पोलादी पट्ट्यांमध्ये फिरवून हा मजकूर आधी उमटवत आणि मग तिच्यावर ठसे मारत, म्हणून अक्षरांचा आरंभ चित्राच्या संदर्भात कोठेही येऊ शकतो. झिजलेले नाव अनेकदा कडेवरील गावामुळे सापडते. मात्र कडेवर आंधळा विश्वास ठेवू नये. संग्राहकांची हौस वाढल्यावर कारखानदारांनी एकाचा पुढचा ठसा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा जुळवून मुद्दाम विचित्र जोड्या पाडल्या, आणि 'सर्वत्र चालणारे' अशा अर्थाची, कोणालाच न बांधणारी कडही काहींवर दिसते.

वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत आणि व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा. पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतील आणि वजन फारच कमी भरले, तर ती त्या टोकनाचीच ओतीव नक्कल असू शकते. होय, टोकनांच्याही नकला होत असत. त्यानंतर डाल्टन आणि हॅमर यांची या टोकनांची सूची पाहावी. ती 1910 ते 1918 या काळात भागाभागांनी निघाली, परगण्यांनुसार (काउंटींनुसार) लावलेली आहे आणि कड बदलली की वेगळी नोंद करते. ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रहही चाळावा. 1818 मध्ये निधन पावलेल्या सारा सोफिया बँक्स यांनी जमवलेली कितीतरी टोकने तेथे आहेत. जारी करणाऱ्याचे नाव मिळाले की त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांत त्याचा धंदा आणि पत्ता शोधता येतो.

तोवर ती चकती घासू नये. मी माझे पहिले टोकन हौसेने चकचकीत केले आणि उरलीसुरली दोन अक्षरेही गमावली. नाव वाचण्यासाठी अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने तिरपा प्रकाश टाकून ती हळूहळू फिरवावी. कडेच्या छायाचित्रांसोबत जहाजाच्या डोलकाठ्या आणि दोरखंड मोजूनही कळवावेत, कारण एकाच व्यापाऱ्याच्या दोन ठशांमधला फरक कधी कधी तेवढाच असतो.