नाण्यावरची अक्षरं दुहेरी दिसतात, हे डबल डाय आहे का?

बहुतेक वेळा नसतं. डाय म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा साचा; त्या साच्यातच अक्षरं दुहेरी उमटलेली असतील तर ते डबल डाय. दहापट भिंग घ्या, तिरप्या उजेडात अक्षराची कड बघा. दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी खाली बसलेली आणि मूळ अक्षर बारीक झालेलं असेल, तर ठोका पडताना डाय हलली एवढंच. त्याला जादा पैसे देऊ नका. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही ठसे उठावदार असतात, अक्षर जाड होतं, टोकाला खाच दिसते. अमेरिकेच्या १९५५ च्या प्रसिद्ध लिंकन सेंटवर तर सन नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतं. दोष डायमध्येच असल्याने तिच्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच उमटतो, म्हणून तसंच दुसरं नाणं सापडतं का ते पाहा. आणि सनाखालचा हिरा किंवा तारा म्हणजे दोष नव्हे हं, मुंबई आणि हैदराबाद टांकसाळीच्या खुणा आहेत त्या!