मावशीला तोंडघशी पाडून काय मिळालं?

सोलापूर

प्रिय मुला,

‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ हा मावशीचा मेसेज तू लाल ‘फेक’ शिक्का मारून घरच्या ग्रुपवर परत टाकलास, वर ‘डोकं वापरत जा’ असंही लिहिलंस. मावशी गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे. यापुढे असलं काही ती तू नसलेल्या ग्रुपवर टाकेल, इतकंच.

राग खरा होता तुझा, मान्य. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवर दोघं येतात, खेळणाऱ्या पोराला उचलतात, पसार. तो कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवला होता. मूळ व्हिडिओत तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला.

‘व्हिडिओ खोटा’ म्हणालास तर समोरचा म्हणणार, डोळ्यांनी बघितलंय की! ‘कराचीतला आहे, शेवट कापलाय, हा बघ पूर्ण’ म्हणालास तर जे बघितलं त्याचाच उलगडा होतो. नुसतं ‘नाही’ म्हणून जागा रिकामी ठेवलीस, तर जुनी गोष्टच तिथं पुन्हा ठाण मांडते. आणि सुरुवात खऱ्यापासून कर. अफवा शिक्क्यासकट पुन्हा फिरवलीस तरी तीच कानावर पडते, आणि वारंवार ऐकलेलं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलंय.

चूक दाखवली की माणसं उलट हट्टाला पेटतात, असं २०१० च्या एका अभ्यासावरून फार बोललं गेलं. पुढच्या मोठ्या प्रयोगांत तसं क्वचितच आढळलं. तेव्हा गप्प बसायला ती सबब नको. (तुला गप्प बसवणं तसंही अवघडच.)

आता मावशीकडे जा. फोनवर नको, घरी. चहा होऊ दे. हा मेसेज कुणी पाठवला, त्यातलं कशाचं भय वाटलं, हे आधी विचार. नातवाला शाळेत एकटं सोडायची धास्ती असेल, तर ती धास्ती खोटी नाही. तिला हसू नकोस. पटलं तर तिलाच सांगू दे पुढं. तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायकांना तुझ्या शुद्ध मराठी परिच्छेदापेक्षा तिचा तेलुगूतला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज जवळचा वाटेल.

त्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी कर. ‘त्या टोळीचं काय झालं?’ असं विचारू नकोस, तिथूनच नवी अफवा निघेल. ‘या आठवड्यात आपल्या भागात मूल हरवल्याची तक्रार आहे का?’ एवढंच विचार. असेल, तर तेही मावशीला लपवू नकोस.

तुझा,
काका