इंजिन म्हणतं ०.००, मग मी हरलो कसा?
वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळ

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, मिरजेत शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका खुल्या स्पर्धेत खेळलो. वेळ ९० मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला ३० सेकंद. पाचव्या फेरीत माझ्याकडे काळी मोहरी होती. एक प्यादं कमी असूनही डाव शेवटपर्यंत बरोबरीत होता (डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनाच्या, भाषेत ०.००), तो हरलो. एसटी स्टँडवरच मोबाइलवर डाव टाकला. इंजिनानं अचूकता ९१ टक्के दाखवली आणि ५६व्या खेळीपुढे चूक दाखवणारी एक लाल खूण. बाकी सगळं ठीक म्हणे! यातून मी शिकायचं काय? स्कोअरशीटची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : तुमचा डाव मी आधी लाकडी पटावर मांडला. पहिल्या संध्याकाळी इंजिन लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी लावलं आणि त्यानं मलाही तुमच्यासारखीच ती एक लाल खूण दाखवली. पण माझ्या वहीत तोवर वेगळ्याच खेळीपुढे खूण झालेली होती. ४९व्या.

आधी ५६वी बघू. पांढरा राजा ई५ वर, त्याचं प्यादं ई६ वर, तुमचा राजा ई७ वर, खेळी तुमची. जायला तीनच घरं आहेत : डी८, ई८, एफ८. यातलं फक्त ई८ बरोबरी देतं. सरळ मागे जायचं आणि मग पांढरा राजा ज्या बाजूनं वर येईल, त्या बाजूला त्याच्या समोर उभं राहायचं. तो एफ६ वर आला की तुम्ही एफ८ वर. त्यानं प्यादं ई७ वर ढकलून शह दिला की तुम्ही पुन्हा ई८ वर. आता त्याला प्यादं सोडावं तरी लागेल, नाहीतर राजा ई६ वर आणून स्टेलमेट (तुम्हाला शह नाही, पण खेळीही नाही, म्हणजे बरोबरी) तरी करावा लागेल. तुम्ही मात्र एफ८ वर गेलात. तो एफ६ वर आला, ऑपोझिशन (राजे समोरासमोर असताना खेळी दुसऱ्यावर असण्याचा फायदा) त्याच्याकडे गेलं. तुम्ही ई८, त्यानं ई७, तुम्ही डी७, तो एफ७, आणि पुढे वजीर.

हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. तुमच्या शाळेतल्या मुलांनाही तुम्ही हे शिकवत असाल. चार तास खेळून झाल्यावर, घड्याळात दोन मिनिटं असताना, तीन घरांतलं एक शोधायची पाळी तुमच्यावर आली. ती आली कुठून, हा खरा प्रश्न.

ती आली ४९व्या खेळीतून. तेव्हा दोघांकडे एकेक हत्ती होता. पांढरा राजा ई३ वर, प्यादं ई४ वर, हत्ती डी१ वर. तुमचा राजा ई७ वर, हत्ती ए७ वर. सहा मिनिटं हातात असताना तुम्ही दहा सेकंदांत हत्ती डी७ वर नेऊन समोरासमोर केलात. त्यानं मारला, तुम्ही राजानं मारलात, आणि पटावर उरले दोन राजे आणि एक प्यादं. इंजिनाला विचारा, हत्ती डी७ वर नेला तरी ०.००, ए६ वर नेला तरी ०.००. आणि हे इंजिनाचं मत नाही बरं का, सिद्ध झालेलं सत्य आहे. राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी असलेल्या स्थिती संगणकानं पूर्ण सोडवून ठेवल्या आहेत, आणि तुमच्या पटावर तर पाचच होती.

पण तुमच्या-माझ्या हाताला ही दोन शून्यं सारखी नाहीत. हत्ती ए६ वर ठेवला असता तर अठराव्या शतकातल्या फिलिडोरचा बचाव तयारच होता. हा फ्रेंच गृहस्थ संगीतकारही होता आणि त्याच्या काळातला अव्वल बुद्धिबळपटूही. राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती सहाव्या रांगेवर. पांढऱ्या राजाला त्या रांगेत शिरू द्यायचं नाही. प्यादं स्वतः सहाव्या रांगेत आलं की हत्ती पार खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचे, कारण पांढऱ्या राजाला लपायला आता जागा उरलेली नसते. यात वाट पाहणाऱ्या खेळ्या भरपूर आहेत. एखादी डावी-उजवी झाली तरी निभावतं. प्याद्याच्या डावात तेवढी मुभा नसते.

सोपी बरोबरी आणि अवघड बरोबरी यांतला हा फरक इंजिन दाखवत नाही. दोन्हीकडे ते स्वतः चुकणार नसतं. म्हणून त्यानं ४९व्या खेळीपुढे काही लिहिलं नाही.

आता एसटी स्टँडबद्दल थोडं रागावून बोलते. असं पुन्हा करू नका. खेळताना तुम्ही काय पाहिलं, कशाला घाबरलात, हे त्या रात्री तुमच्या डोक्यात ताजं असतं. एकदा इंजिनाचे बाण पाहिले की 'मला हे दिसलंच होतं' असं वाटायला लागतं आणि खरी आठवण पुसली जाते. स्कोअरशीटवर तुम्ही वेळ लिहिता, हे फार चांगलं. २३व्या खेळीला तुम्ही १९ मिनिटं घेतलीत आणि केलीत ती खेळी उत्तम होती, त्यामुळे तिथे इंजिन गप्प आहे. पण १९ मिनिटं तुम्ही पाहत काय होतात? शेवटी सहा मिनिटं उरली, त्याची सुरुवात तिथे आहे. हे जगातलं कुठलंच इंजिन सांगणार नाही. मला ते पुढच्या पत्रात कळवा.

आमच्या वेळी डाव तहकूब होत. पुढची खेळी पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायची आणि रात्रभर चहा पीत चार जणांनी पट घेऊन बसायचं. पहाटे पाचला सापडलेली खेळी सकाळी दहाला चुकीची निघे, आणि ती का चुकीची, हे मला आजही आठवतं. ते जागरण तुम्ही करू नका, पण त्यातला क्रम घ्या : आधी आपलं डोकं, आपल्या शब्दांत, वहीत. स्पर्धा संपेपर्यंत इंजिन बंदच. संपल्यावर वही उघडी ठेवून लावा आणि जिथे तुमची वही एक म्हणते आणि इंजिन दुसरं, तिथेच थांबा. त्याची खेळी पाहून मान डोलावू नका. तुमची खेळी पटावर करा आणि त्याला उत्तर द्यायला लावा. तीन-चार खेळ्यांत तुमच्या कल्पनेला भोक कुठे पडलं ते दिसतं. सुरुवातीच्या खेळ्यांत +०.३ की +०.१, यावर तुम्ही पत्रात अर्धं पान लिहिलं आहे. ते सोडून द्या.

९१ टक्क्यांचंही तेच. दोघांनी भराभर मारामारी करून सरळ डाव खेळला की हा आकडा आपोआप चढतो, गुंतागुंतीच्या डावात चांगला खेळाडूही खाली येतो.

या आठवड्यात एक करा. ४९व्या खेळीची स्थिती मांडा, हत्ती ए६ वर ठेवा आणि इंजिनाला पांढरी मोहरी द्या. घड्याळ दोन मिनिटांवर लावून दहा वेळा बचाव करा. मग ५६व्या खेळीची स्थितीही तशीच. किती वेळा हरलात ते लिहून ठेवा.

प्रश्न : मुलीसाठी विश्लेषणाचं महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का? ती ११ वर्षांची आहे. (एक आई, नाशिक)

उत्तर : आत्ता नको. स्टॉकफिश हे इंजिन २००८ पासून फुकट मिळतं, त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आलं तेव्हापासून तर ते आणखी बळकट झालं. १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकापेक्षा तुमच्या फोनवरचं इंजिन सरस खेळतं. त्या पैशांत चांगला लाकडी पट आणि शंभर पानी वही घ्या. वहीत आधी तिचं अक्षर उमटू दे, मग फोन द्या.