वर्कर्स कॉम्पची डिनायल आली की आधी हे बघ

अगं, अमेरिकेतल्या वर्कर्स कॉम्पच्या, म्हणजे कामावर झालेल्या इजेच्या विम्याच्या, बिलिंगवर बसलीस म्हणून पहिल्याच आठवड्यात घाबरू नकोस, मीपण अलकापुरीतल्या ऑफिसात नाइट शिफ्टला बसायचे तेव्हा डिनायल, म्हणजे बिल नाकारलेलं, दिसली की सरळ रीसबमिट मारायचे, आणि तीच डिनायल परत यायची. आधी नाकारण्याचं कारण सांगणारा कोड वाच. सीओ 19 आला म्हणजे हेल्थ इन्शुरन्सवाला म्हणतोय की ही कामावरची इजा आहे, वर्कर्स कॉम्पकडे जा, मग त्याच्याशी भांडत बसू नको, एम्प्लॉयरला फोन लाव, कॅरियर (विमा कंपनी) कोण, अ‍ॅडजस्टर (क्लेम हाताळणारा) कोण, क्लेम नंबर काय आणि इजेची तारीख काय ते विचार.

सीएमएस 1500 या क्लेम फॉर्ममध्ये 10ए च्या रकान्याला एम्प्लॉयमेंट यस, 14 मध्ये इजेची तारीख आणि 11बी मध्ये वाय4 हा क्वालिफायर लावून क्लेम नंबर, निम्म्या भानगडी इथेच असतात बघ. पी12 कोड मात्र वेगळा, तो राज्याच्या फी शेड्यूलची (ठरलेल्या दरांची) कपात, तिथे रेट बरोबर लावलाय का एवढंच तपासायचं.

आणि मुदत! प्रत्येक राज्याचं वेगळं. टेक्सासला पहिलं बिल सर्व्हिसपासून 95 दिवसांत, कॅलिफोर्नियात पैसे कमी आले तर ईओआर (किती पैसे दिले आणि का, त्याचा कागद) मिळाल्यापासून 90 दिवसांत सेकंड रिव्ह्यू, तरी नाही जमलं तर पुढे 30 दिवसांत आयबीआर (बाहेरच्या तटस्थ माणसाकडून बिलाची तपासणी). पण क्लेमच मान्य नसेल तर आयबीआर चालत नाही हं. अ‍ॅडजस्टरशी बोललीस की नाव, तारीख लगेच नोटमध्ये टाक, आणि उरलेल्या रकमेचं बिल पेशंटला कधी धाडू नकोस, मी एकदा धाडलेलं, टीम लीडनी सगळ्यांसमोर झापलं होतं.